लॅपटॉपमधली बॅटरीची सेटिंग गायब झाली? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

नागपूर : आधी लाईन जाते, मग लॅपटॉप बंद पडतो. महाडीबीटीचा अर्ज अर्धा भरून झालेला असतो, सातबारा आणि पासबुक स्कॅन करून ठेवलेलं असतं आणि स्क्रीन काळी होते. सगळं पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी किती उरली हे दाखवणारं चिन्ह घड्याळाजवळ असतं तर माणूस आधीच सावध झाला असता. पण अनेक लॅपटॉपवर ते चिन्हच गायब होतं. कुठे ‘स्लीप’ दिसत नाही, तर कुठे बंद करण्याचं बटण दाबलं की पर्यायच येत नाहीत.

रामटेक, पारशिवनी, भिवापूर, कुही अशा तालुक्यांत सेवा केंद्र चालवणारे, शिक्षक आणि कॉलेजचे विद्यार्थी यांचं बरंच काम आता लॅपटॉपवरच चालतं. सेटिंग दिसेनाशी झाली की पहिला समज होतो तो बॅटरी मेल्याचा, आणि दोन-तीन हजार रुपये खर्चाची तयारी सुरू होते. पण सेटिंग गायब होणं आणि बॅटरी खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती झाली आहे, ते घरीच ओळखता येतं. खालची माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहे.

सेटिंग गायब का होते?

विंडोज बॅटरीशी थेट बोलत नाही. मध्ये ‘एसीपीआय’ नावाची व्यवस्था असते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी ती १९९६ मध्ये आणली. बॅटरी किती भरली, चार्जर लागला की नाही, ही माहिती लॅपटॉपचा मदरबोर्ड या व्यवस्थेतून विंडोजला देतो. ती घेण्यासाठी विंडोजमध्ये एक छोटा ड्रायव्हर असतो. तो अडकला की बॅटरी धडधाकट असूनही विंडोजला ती दिसत नाही. अपडेट अर्धवट राहिलं किंवा विंडोज नव्याने टाकताना ड्रायव्हर सुटले, तर असं होऊ शकतं.

सगळ्यात आधी : बायोसमध्ये पाहा

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पुन्हा सुरू करताना लगेच एफ२ हे बटण वारंवार दाबा. कंपनीनुसार ते एफ१, एफ१०, एस्केप किंवा डिलीट असू शकतं. जो पडदा उघडतो त्याला बायोस म्हणतात. तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. बऱ्याच लॅपटॉपवर इथे बॅटरीची माहिती दिसते.

- इथे बॅटरी दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही : दोष विंडोजचा. बॅटरी विकत घेऊ नका.
- इथेही बॅटरी दिसत नाही : बॅटरी किंवा तिची आतली जोडणी तपासून घ्यावी लागेल.

बायोसमध्ये फक्त पाहायचं. काहीही न बदलता, सेव्ह न करता बाहेर पडा.

१. घड्याळाजवळचं बॅटरीचं चिन्ह दिसत नाही

विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘पर्सनलायझेशन’, ‘टास्कबार’ असं जा. खाली ‘टर्न सिस्टम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ’ उघडा आणि ‘पॉवर’ सुरू करा. विंडोज ११ मध्ये हे चिन्ह वायफाय आणि आवाजाच्या चिन्हाशेजारीच असतं. त्याला वेगळं बटण नाही.

तरीही चिन्ह आलं नाही, किंवा ‘पॉवर’चं बटण फिकट दिसतं, तर ड्रायव्हर नव्याने बसवा.

- चालू काम सेव्ह करा आणि चार्जर लावून ठेवा.
- विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा.
- ‘बॅटरीज’वर दोनदा क्लिक करा. ‘मायक्रोसॉफ्ट एसी अॅडाप्टर’ हे नाव चार्जरचं आहे, त्याला हात लावू नका.
- ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ या नावावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा.
- लॅपटॉप ‘रिस्टार्ट’ करा. विंडोज हा ड्रायव्हर आपोआप परत टाकतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

२. बंद करण्याचं बटण दाबल्यावर एकही पर्याय येत नाही

स्टार्टमधल्या पॉवर बटणावर ‘देअर आर करंटली नो पॉवर ऑप्शन्स अव्हेलेबल’ असा संदेश येतो. म्हणजे सध्या एकही पर्याय उपलब्ध नाही. हा बॅटरीचा दोष नाही. ‘शट डाऊन’ आणि ‘रिस्टार्ट’ लपवण्याचा नियम त्या लॅपटॉपवर कोणी तरी लावलेला असतो. कार्यालय, बँक किंवा शाळेच्या लॅपटॉपवर असे नियम मुद्दाम लावतात. तो लॅपटॉप तुमच्या मालकीचा नसेल तर खटपट न करता संबंधित कार्यालयाला कळवा.

सीताबर्डीच्या बाजारातून किंवा ऑनलाइन जुना लॅपटॉप घेतला असेल तर मात्र नीट पाहा. जुन्या बाजारातले अनेक लॅपटॉप आधी कंपन्यांत वापरलेले असतात. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘अॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथे एखाद्या अनोळखी कंपनीचं खातं जोडलेलं दिसलं, तर लॅपटॉप विकणाऱ्याकडे परत न्या. ते खातं काढून विंडोज नव्याने टाकून देणं हे त्याचं काम आहे. म्हणून जुना लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधीच ही जागा उघडून पाहावी.

तोपर्यंत लॅपटॉप बंद कसा करायचा? बटण दाबून धरू नका, फायली खराब होऊ शकतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत ‘शटडाऊन’ हा शब्द जोडून लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ म्हणजे स्लॅश आणि त्याला लागून एस. एंटर दाबलं की थोड्या वेळात लॅपटॉप बंद होतो.

३. ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’ दिसत नाही

‘स्लीप’मध्ये उघडं काम मेमरीत राहतं आणि बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहते. ‘हायबरनेट’मध्ये तेच काम हार्ड डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. बॅटरी शून्यावर गेली तरी काम जात नाही. जिथे लाईनीचा भरवसा नाही तिथे ‘हायबरनेट’ जास्त उपयोगाचं.

ते आणण्यासाठी ‘कंट्रोल पॅनल’, ‘हार्डवेअर अँड साउंड’, ‘पॉवर ऑप्शन्स’ असं जा. डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा. वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा. खाली ‘स्लीप’ आणि ‘हायबरनेट’समोर खूण करून ‘सेव्ह चेंजेस’ करा.

‘स्लीप’ यादीतच नसेल आणि स्क्रीनचा उजेडही कमी-जास्त होत नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अॅडाप्टर्स’ पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ लिहिलेलं असेल तर स्क्रीनचा खरा ड्रायव्हर टाकायचा राहिला आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपला मॉडेल नंबर टाकून तो घ्या.

४. हे बिघाड नाहीत

- फक्त ‘बॅलन्स्ड’ हाच प्लॅन दिसतो : नव्या लॅपटॉपवर बहुधा असंच असतं. वेग आणि बचतीची निवड आता ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’मधल्या ‘पॉवर मोड’मध्ये असते.
- ‘पॉवर मोड’ बदलता येत नाही : ‘कंट्रोल पॅनल’मध्ये दुसरा प्लॅन निवडलेला असू शकतो. ‘बॅलन्स्ड’ निवडून पाहा.
- चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतं : बॅटरी जास्त टिकावी म्हणून कंपनीनेच दिलेली सोय सुरू असू शकते. लेनोव्होच्या ‘व्हँटेज’ किंवा आसुसच्या ‘मायआसुस’ अॅपमध्ये ती बंद करता येते. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल तर ती सुरूच ठेवलेली बरी.

बॅटरी खरंच थकली का?

याचं उत्तर विंडोज आकड्यात देतं. सर्चमध्ये इंग्रजीत सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. ‘पॉवर’चं स्पेलिंग लिहा, त्याला जोडूनच सी, एफ, जी. एक जागा सोडून स्लॅश, आणि स्लॅशला लागून ‘बॅटरी’ व ‘रिपोर्ट’ ही दोन स्पेलिंग एकत्र. एंटर दाबल्यावर अहवालाची फाईल कुठे ठेवली तो पत्ता तिथेच दिसतो.

फाईल उघडून दोन आकडे पाहा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची ताकद, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिला आकडा ४०,००० आणि दुसरा ३२,००० असेल, तर ८० टक्के ताकद शिल्लक आहे. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर बॅटरी बदलण्याचा विचार करावा.

सेटिंग परत आली की एवढं करून ठेवा

‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये आपल्या प्लॅनसमोर ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’ आणि मग ‘चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’ उघडा. ‘बॅटरी’खाली ‘लो बॅटरी लेव्हल’ २० टक्के ठेवा आणि ‘लो बॅटरी नोटिफिकेशन’ सुरू करा. ‘क्रिटिकल बॅटरी अॅक्शन’मध्ये ‘हायबरनेट’ निवडा. लाईन गेल्यावर २० टक्क्यांवर इशारा येईल आणि अगदी शेवटी लॅपटॉप उघडं काम डिस्कवर ठेवूनच बंद होईल. मात्र संकेतस्थळावर भरत असलेला अर्ज वेळ संपली की बाद होतो. म्हणून इशारा आला की अर्ज आधी सेव्ह करा.

ऊन, फुगलेली बॅटरी आणि फसवणूक

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, गादीवर ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फार तापली की चार्जिंग थांबू शकतं. सावलीत थंड होऊ द्या, मग पाहा. टचपॅड वर उचललं असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल, तर सेटिंग शोधत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये.

‘ड्रायव्हर दुरुस्त करतो’ म्हणणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाकू नका. फोनवरून लॅपटॉपचा ताबा मागणाऱ्याला तो देऊ नका. पैसे गेलेच तर तात्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. वॉरंटी असूनही दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. लॅपटॉप चालत असेल तर विंडोज ११ टाकून घ्यावं.

दुकानात जाताना बॅटरी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि बायोसमध्ये बॅटरी दिसते की नाही ते सांगा. एवढं हाताशी असलं की नवी बॅटरी लागते का, हे दुकानदारासमोर आकड्यांवरून ठरवता येतं.