गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा

गेल्या आठवड्यात कडेगावात आमचा जुना गोठा उतरवला. वडिलांनी घातलेले सिमेंटचे पत्रे होते. कामावरचं पोरगं ग्राइंडरनं पत्रा कापायला लागलं. पांढरी धूळ कडब्यावर आणि त्याच्या तोंडावर. मी थांबवलं तर म्हणतो, "दादा, सिमेंटच हाय की!"

नुसतं सिमेंट नाही, मित्रांनो. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. म्हणून हा इतिहास सांगतोय.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे धाग्याधाग्यांचा दगड. जळत नाही, कुजत नाही. वापरात तीन प्रकार जास्त आले: निळा, तपकिरी आणि पांढरा. बॉयलरची वेष्टणं, ब्रेक लायनर, पाण्याचे पाईप, छपराचे पत्रे, सगळीकडे तो गेला. निळा आणि तपकिरी जास्त घातक. पण पांढऱ्यानंही कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आपल्या पत्र्यात मुख्यतः पांढराच.

१९२४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलला नेली कर्शॉ ही अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातली कामगार ३३ व्या वर्षी फुप्फुसं निकामी होऊन गेली. १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यातल्या या धुळीवर नियम केले. आणि १९३४ मध्ये त्याच देशातल्या टर्नर अँड न्यूऑलने भारतात पत्र्याची कंपनी काढली. पुढे मुंबईत मुलुंडलाही कारखाना झाला. धंदा इकडे आला, ते नियम तिकडेच राहिले.

आपल्याकडे १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं जपा. इतकी वर्षं का? कारण आज छातीत गेलेला धागा वीस-तीस वर्षांनी आजार दाखवतो. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढराही बंद केला. आपल्याकडे पत्रे अजून विकले जातात.

कोर्टाचा निकाल कारखान्यातल्या कामगारांसाठी होता. गोठ्यावर चढून पत्रा कापणाऱ्या पोराची नोंद कुठल्या वहीत आहे?

शाबूत पत्र्याला घाबरू नका. धोका कापण्यात, फोडण्यात, घासण्यात आहे. उतरवताना पाणी मारून ओला करा, अख्खा काढा, ग्राइंडर लावू नका, धूळ कोरडी झाडू नका. आणि तुकडे पाणंदीत भराव म्हणून टाकू नका. त्यावरून आपलीच पोरं शाळेला जातात.

आमचे उरलेले पत्रे ओले करून, प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेत. ते टाकायचे कुठे, हे ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, तिनं ठरवायला हवं. पुढच्या सभेत मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.