सिकलसेलचा दोष चित्रात दिसतो, आकड्यात का नाही? प्रथिनांची ‘फ्रॅक्टल मिती’ म्हणजे काय?

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आजाराचे रुग्ण आढळतात. या आजाराचे मूळ आहे रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनात झालेला एक बारीक बदल. अशा रेणूंची रचना समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ दोन मार्ग वापरतात : ती आकड्यात मोजणे आणि चित्रात पाहणे.

फ्रॅक्टल मिती म्हणजे काय?

रेषेची मिती १, कागदाची २ आणि भरीव चेंडूची ३. पण कागद चुरगाळून बोळा केला तर? तो सपाट राहत नाही आणि पूर्ण भरीवही होत नाही. त्याची मिती साधारण २.५ भरते. अशा वेड्यावाकड्या आकारांना गणितज्ञ बेन्वा मॅन्डेलब्रॉ यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले.

प्रथिनांची मिती कशी मोजतात?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची घडी पडलेली लांब साखळी. रेणूच्या मध्यावर एक काल्पनिक गोल कल्पून त्यातील अणू मोजतात. मग गोलाची त्रिज्या वाढवत पुन्हा पुन्हा मोजतात. त्रिज्या दुप्पट केल्यावर अणू ८ पट झाले तर मिती ३, ४ पट झाले तर २. घडी पडलेल्या प्रथिनांत ही वाढ सुमारे ५.७ पट असते, म्हणजे मिती २.५ च्या आसपास. घडी उलगडली की ती साधारण १.७ पर्यंत उतरते. त्यामुळे साखळी किती घट्ट गुंडाळली आहे, हे एका आकड्यातून कळते.

मग सिकलसेल या आकड्यात का दिसत नाही?

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या आणि एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये दोन बीटा साखळ्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी घडी जवळपास तशीच राहते, त्यामुळे मितीही जवळपास तेवढीच भरते.

फरक दिसतो तो त्रिमितीय चित्रात. ऑक्सिजन सोडल्यानंतर एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. असे रेणू एकमेकांना जोडत जाऊन लांब तंतू बनतात. त्यामुळे लाल पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

हे चित्र कुठे पाहता येते?

१९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँक’ या मोफत संग्रहात. तेथे ‘२एचबीएस’ हा संकेतांक शोधल्यास सिकलसेलचे हिमोग्लोबिन मोबाइलवरही फिरवून पाहता येते.

तपासणीशी याचा काय संबंध?

सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीत सोल्युबिलिटी चाचणी केली जाते. ऑक्सिजन काढून घेतल्यावर हे हिमोग्लोबिन विरघळलेले राहत नाही आणि नळीतील द्रावण गढूळ होते. मात्र द्रावण रुग्णाच्या रक्ताने गढूळ होते, तसेच वाहकाच्या रक्तानेही. त्यामुळे व्यक्ती रुग्ण आहे की वाहक, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावीच लागते.