महामारीतील अनुदाने आणि आरोग्याचा समन्याय: प्रतिष्ठानांचा निधी शेवटच्या वस्तीपर्यंत कसा पोहोचला, कोठे अडला

कोविड-१९ च्या काळात शासकीय तरतुदींबरोबरच खासगी प्रतिष्ठाने, उद्योगसमूहांचे न्यास आणि कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी (सीएसआर) आरोग्यसेवेकडे मोठ्या प्रमाणावर वळला. हा निधी एकूण शासकीय खर्चाच्या तुलनेत लहान होता. मात्र ज्या वस्त्यांपर्यंत नियमित यंत्रणा सहज पोहोचत नव्हती, तेथे त्याचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा अधिक ठरले. या अनुदानांची कायदेशीर चौकट, त्यांचा प्रत्यक्ष उपयोग आणि त्यातून पुढे आलेले प्रश्न यांचा हा आढावा.

पार्श्वभूमी

देशातील पहिला कोविड रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी या साथीला महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. त्या वेळी आरोग्यावरील खर्चाचा मोठा भार कुटुंबांवरच होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१९-२० मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी ४७.१ टक्के खर्च नागरिक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा झाली असली, तरी रोजंदारी बंद पडलेल्या कुटुंबासाठी तपासणी, औषधे आणि वाहतूक यांचा खर्च उपचारातील पहिला अडथळा ठरत होता.

येथेच समानता आणि समन्याय यांतील भेद स्पष्ट होतो. प्रत्येक तालुक्याला सारख्याच लसमात्रा देणे ही समानता होय. नदीपलीकडील पाड्यावर त्या मात्रा नेण्यासाठी वाहन, शीतपेटी आणि तेथील बोली जाणणारा कार्यकर्ता उपलब्ध करून देणे हा समन्याय होय. सामुदायिक आरोग्यासाठी दिलेल्या अनुदानांचे मोल प्रामुख्याने या दुसऱ्या कामावरून ठरते.

कायदेशीर चौकट

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हा या निधीचा मुख्य आधार आहे. ५०० कोटी रुपये वा अधिक निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी रुपये वा अधिक उलाढाल किंवा ५ कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली.

केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २३ मार्च २०२० रोजी परिपत्रक काढून कोविडविषयक खर्च सीएसआरमध्ये ग्राह्य धरला. त्यानंतर साथीच्या गरजा बदलत गेल्या तशी या खर्चाची व्याप्तीही वाढत गेली. लसीकरणाविषयीची जनजागृती जानेवारी २०२१ मध्ये, तात्पुरती कोविड रुग्णालये एप्रिलमध्ये आणि वैद्यकीय प्राणवायूची निर्मिती मे महिन्यात ग्राह्य ठरली. कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय वगळता अन्य नागरिकांच्या लसीकरणावरील खर्च जुलै २०२१ मध्ये या यादीत आला.

एका मुद्द्यावर मात्र राज्यांनी आक्षेप नोंदविला. 'पीएम केअर्स' निधीला दिलेले योगदान सीएसआरमध्ये धरले गेले. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेले धरले गेले नाही. १० एप्रिल २०२० च्या स्पष्टीकरणानुसार राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेली रक्कम तेवढी ग्राह्य होती. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने निधीचा ओघ कोणत्या स्तराकडे वळतो, हा प्रश्न केवळ हिशेबापुरता मर्यादित नव्हता.

पहिला टप्पा: खाटा, साधने आणि धान्य

टाटा ट्रस्ट्सने २८ मार्च २०२० रोजी ५०० कोटी रुपये देण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी टाटा सन्सने आणखी १,००० कोटी रुपये जाहीर केले. आघाडीवरील कर्मचाऱ्यांसाठी संरक्षक साधने, श्वसनयंत्रणा, तपासणी संच, उपचार सुविधा आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही त्यामागील उद्दिष्टे होती. या उपक्रमात महाराष्ट्रातील सांगली व बुलढाणा आणि उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर व गोंडा येथील शासकीय रुग्णालयांच्या इमारतींमध्ये कोविड उपचार केंद्रे उभारण्यात आली. महानगरांऐवजी जिल्हा स्तरावरील शासकीय रुग्णालयांची क्षमता वाढविण्याचा हा निर्णय समन्यायाच्या दृष्टीने उल्लेखनीय होता, कारण साथ ओसरल्यावरही अशी गुंतवणूक सार्वजनिक व्यवस्थेतच राहू शकते.

विप्रो, विप्रो एंटरप्रायझेस आणि अझीम प्रेमजी फाउंडेशन यांनी १ एप्रिल २०२० रोजी एकूण १,१२५ कोटी रुपये जाहीर केले. त्यांपैकी १,००० कोटी रुपये फाउंडेशनचे होते. या निधीचा विनियोग फाउंडेशनचे स्वतःचे कर्मचारी आणि देशभरातील सुमारे ३५० सहयोगी नागरी संस्था यांच्यामार्फत करण्याचे ठरले. २०२१ मध्ये प्रामुख्याने लसीकरणासाठी आणखी १,००० कोटी रुपयांची भर घालण्यात आली. पुण्याजवळील हिंजवडी येथील विप्रोचे संकुल महाराष्ट्र शासनाशी करार करून ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयात रूपांतरित करण्यात आले. मुंबईत रिलायन्स फाउंडेशनने महानगरपालिकेच्या सहकार्याने सेव्हन हिल्स रुग्णालयात कोविड केंद्र सुरू केले.

धारावीचा अनुभव या टप्प्यातील आणखी एक बाजू दाखवितो. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या दाट वस्तीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. घरोघरी तपासणी, संस्थात्मक विलगीकरण, सार्वजनिक शौचालयांचे निर्जंतुकीकरण आणि अन्नवाटप या कामांत महानगरपालिकेसोबत स्थानिक खासगी डॉक्टर व स्वयंसेवी संस्था उतरल्या. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी साथनियंत्रणाच्या उदाहरणांत धारावीचा उल्लेख केला. विलगीकरणात जाणाऱ्या व्यक्तीच्या घरची चूल पेटती राहिली, तरच ती व्यक्ती तपासणीसाठी पुढे येते, हा या कामाचा व्यवहारी धडा होता. अन्नवाटपासाठीचा निधी त्यामुळे आरोग्याचाच निधी ठरला.

दुसरा टप्पा: लस आणि पोहोच

देशव्यापी लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ते खुले झाले. परंतु १८ ते ४४ या वयोगटासाठी 'कोविन' संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी बंधनकारक करण्यात आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) इंटरनेटचा कधीतरी वापर केलेल्या महिलांचे प्रमाण ३३.३ टक्के आणि पुरुषांचे ५७.१ टक्के होते. ग्रामीण महिलांमध्ये हे प्रमाण २४.६ टक्केच होते. मोबाइलवरील नोंदणीची अट कोणाला मागे ठेवणार, हे या आकड्यांतूनच दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात मे २०२१ अखेरच्या आदेशात डिजिटल दरीकडे लक्ष वेधले. या वयोगटासाठी केवळ संकेतस्थळावर विसंबून राहिल्यास सार्वत्रिक लसीकरणाचे उद्दिष्ट साध्य होणार नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. दरम्यान केंद्र सरकारने २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा दिली. ओळखपत्र नसलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र कार्यपद्धती आखण्यात आली आणि ज्येष्ठ व दिव्यांग नागरिकांसाठी घराजवळील केंद्रांची व्यवस्था झाली. २१ जूनपासून उत्पादनापैकी ७५ टक्के लस केंद्राने खरेदी करून १८ वर्षांवरील सर्वांना मोफत देण्याचे धोरण अमलात आले.

लस मोफत झाल्यानंतर अनुदानांची भूमिका बदलली. खरेदीपेक्षा पोहोच महत्त्वाची ठरली. नोंदणीसाठी मदत करणारे स्वयंसेवक, फिरती पथके, स्थानिक भाषांतील माहिती, अफवांचे निरसन आणि मजुरी बुडू नये म्हणून सायंकाळी घेतलेली शिबिरे यांवर नागरी संस्थांनी भर दिला. या कामाचा कणा मात्र सुमारे १० लाख आशा कार्यकर्त्यांचाच राहिला. त्यांच्या योगदानाची दखल घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. देशाने १०० कोटी मात्रांचा टप्पा २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ओलांडला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' ही घरोघरी जाणारी मोहीम सुरू झाली.

परदेशातील प्रतिष्ठाने

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी गेट्स फाउंडेशन आणि 'गावी' या लस आघाडीने ऑगस्ट २०२० मध्ये केलेला करार जागतिक पातळीवर महत्त्वाचा ठरला. फाउंडेशनने १५ कोटी डॉलरचा निधी उपलब्ध केला आणि भारत तसेच अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १० कोटी मात्रा कमाल ३ डॉलर दराने देण्याचे ठरले. सप्टेंबरमध्ये ही संख्या दुप्पट करण्यात आली. लस यशस्वी होण्यापूर्वीच उत्पादनातील आर्थिक जोखीम अनुदानातून उचलण्याचा हा प्रकार होता.

अमेरिकेत रॉकफेलर फाउंडेशनने २ कोटी डॉलर खर्चून बाल्टिमोर, शिकागो, ह्यूस्टन, न्यूअर्क आणि ओकलंड या शहरांत कृष्णवर्णीय व अन्य वंचित समुदायांच्या लसीकरणासाठी स्थानिक संस्थांना बळ दिले. आफ्रिकेत मास्टरकार्ड फाउंडेशनने जून २०२१ मध्ये आफ्रिकी रोग नियंत्रण केंद्रासोबत १३० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. समाजाचा विश्वास लाभलेल्या संस्थांच्या हाती काम सोपविणे, हे सूत्र अमेरिकेतील उपक्रमात विशेष ठळक होते.

परकीय निधीवरील निर्बंध

भारतात याच काळात परकीय योगदान नियमन कायद्यात (एफसीआरए) सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परकीय निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई करण्यात आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि निधी स्वीकारण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते अनिवार्य झाले. निधीच्या वापरात पारदर्शकता आणणे व त्याचा दुरुपयोग रोखणे, हा शासनाचा हेतू होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

स्वयंसेवी क्षेत्राचा आक्षेप मात्र व्यवहाराशी निगडित होता. मोठी संस्था अनुदान स्वीकारून ते गावपातळीवरील लहान गटांना देत असे. ती साखळी नेमकी दुसऱ्या लाटेपूर्वी खंडित झाली. स्वतंत्र परवाना नसलेल्या लहान गटांना परकीय निधी मिळण्याचा मार्ग बंद झाला. प्रशिक्षण, हिशेब आणि पर्यवेक्षण यांचा खर्च प्रशासकीय समजला गेल्यास सामुदायिक काम करणाऱ्या संस्थांना त्याचा अधिक फटका बसतो, असेही त्यांचे म्हणणे होते.

मर्यादा आणि शिल्लक प्रश्न

अनुदानांचे प्रमाण लक्षात घेणे आवश्यक आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात केवळ कोविड लसीसाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद होती. प्रतिष्ठानांचा निधी शासकीय गुंतवणुकीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

दुसरा प्रश्न प्रादेशिक असमतोलाचा आहे. कंपनी कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगतो. परिणामी जेथे कारखाने व कार्यालये, तेथे निधी अधिक. महाराष्ट्र हे सीएसआर निधी मिळविणाऱ्या राज्यांत अग्रस्थानी राहिले आहे. परंतु राज्यातही मुंबई-पुणे पट्टा आणि आदिवासीबहुल जिल्हे यांची स्थिती सारखी नाही.

तिसरा प्रश्न यशाच्या मोजमापाचा आहे. दिलेल्या मात्रा किंवा वाटलेली पाकिटे मोजली, तर संस्था स्वाभाविकपणे दाट लोकवस्तीकडे वळते, कारण तेथे माणशी खर्च कमी येतो. विखुरलेल्या वस्तीतील शंभर लसीकरणे शहरातील हजारांपेक्षा महाग पडू शकतात. कोण वगळले गेले, याची मोजणी अनुदानाच्या अटींमध्येच असेल, तर हा खर्च समर्थनीय ठरतो. अन्यथा तो अकार्यक्षमता म्हणून नोंदला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडविषयक जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणीतील निधी त्याआधीच ओसरू लागला होता. प्राणवायू प्रकल्प आणि खाटा उभारण्यासाठी एकदाच खर्च होतो. त्या चालविणारे तंत्रज्ञ, परिचारिका आणि सामुदायिक कार्यकर्ते यांच्यासाठी दरवर्षी तरतूद लागते. पुढील साथीची तयारी या दुसऱ्या खर्चावर अवलंबून असून, तो कोणी उचलायचा, याचे उत्तर राज्यांचे अर्थसंकल्प आणि अनुदानांचे करार या दोहोंतूनच मिळणार आहे.