आलापल्लीची सापसुरळी : एका नावाचा इतिहास

प्रस्तावना :
भिवंडी परिसरातील भातशेतीच्या बांधांवर आणि पाचोळ्यात चकचकीत खवल्यांची, आखूड पायांची सापसुरळी सहज आढळते. नावातील 'साप' या शब्दामुळे आणि तिच्या सळसळत्या चालीमुळे ती विषारी समजून मारली जाते. वस्तुतः ती सरड्या-पालींच्या वर्गातील बिनविषारी, कीटकभक्षी प्राणी आहे. मराठीत सापसुरळीच्या सर्व जातींना मिळून हे एकच नाव रूढ आहे. तथापि महाराष्ट्रातील एका जातीला येथील गावाचे नाव लाभले आहे. त्या नावाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नामकरणाची पार्श्वभूमी :
अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे पुत्र थिओडोर (धाकटे) व केर्मिट यांनी १९२५ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी आशियात मोहीम काढली. पामीरच्या पठारावरील मोठ्या शिंगांची रानमेंढी मिळवणे हे तिचे मुख्य लक्ष्य होते. मात्र मोहिमेच्या संग्रहात लहान प्राणीही जमा झाले. त्या संग्रहालयातील सरीसृपतज्ज्ञ कार्ल पी. श्मिट यांनी १९२६ साली त्यांतील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात चांदा जिल्ह्यातील आलापल्लीच्या जंगलातील सापसुरळीची नवी जाती म्हणून नोंद झाली. तिचे नाव 'मबुया अल्लापल्लेन्सिस', म्हणजे 'आलापल्लीची' असे ठेवण्यात आले.

नावातील बदल व सातत्य :
त्या वेळी आलापल्ली मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९६० साली ते महाराष्ट्र राज्यात आले आणि १९८२ साली नव्याने झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात समाविष्ट झाले. शास्त्रीय नावही बदलले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डीएनएच्या अभ्यासावरून 'मबुया' या विस्तृत प्रजातीचे विभाजन झाले व आशियातील जाती 'युट्रोपिस' या प्रजातीत गेल्या. प्रांत, जिल्हा आणि प्रजाती बदलली. गावाचे नाव मात्र टिकले, कारण प्रथम दिलेले जातिनाम जपावे असा प्राणिनामकरणाचा नियम आहे.

निष्कर्ष :
इतिहासात मूळ कागदपत्राला जे स्थान, तेच प्राणिशास्त्रात मूळ नमुन्याला असते. आलापल्लीच्या रानातील हे साधन परदेशी संग्रहातून जगापुढे आले, तेही मोठ्या शिकारीच्या ओघात. ज्या प्राण्याला लोकव्यवहारात स्वतंत्र ओळख नाही, तो नाहीसा झाला तरी त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. म्हणून सापसुरळी न मारता तिचे स्थान, काळ व लक्षणे यांची नोंद ठेवणे हे स्थानिक इतिहासलेखनाचेच अंग मानले पाहिजे. असे काम भिवंडीसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या परिसरातील महाविद्यालयांना सहज हाती घेता येईल.