कृष्णाकाठची नगरे : कला व दैनंदिन जीवन

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कृष्णा नदीच्या परिसरात मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बहरलेली नागर कला आणि तिचा नित्य व्यवहाराशी असलेला संबंध. वाई, सातारा, सांगली, मिरज व औंध ही तिची प्रमुख केंद्रे होत. प्रबोधनकालीन फ्लॉरेन्समध्ये विवाहातील पेट्या व अपत्यजन्माच्या वेळी भेट द्यावयाची तबके चित्रांनी सजवून घेत आणि नामांकित कर्मशाळाही अशी कामे स्वीकारीत. कलाकृती ही निव्वळ अवलोकनासाठी निर्मिलेली वस्तू आहे, ही कल्पना तेथे पुढे रूढ झाली. कृष्णाकाठीही कलेचे स्थान प्रथमतः घर, घाट, देवालय व दरबार यांच्या उपयोगातच होते. काळ, धर्म व समाजरचना भिन्न असल्या, तरी एवढे साम्य लक्षणीय आहे.

नगरे व आश्रयदाते : शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यास झाला आणि ते मराठी राज्याच्या राजधानीचे नगर बनले. वाईस रास्ते घराण्याने घाट व देवालये बांधली. त्यांपैकी काशीविश्वेश्वराचे मंदिर १७५७ मधील व ढोल्या गणपतीचे १७६२ मधील आहे. गणपती मंदिराची मागील भिंत मत्स्याकार असून तिच्यामुळे पुराचे पाणी दुभंगून जाते. सौंदर्य व उपयुक्तता यांची अशी सांगड या वास्तूंत सर्वत्र दिसते. घाटावर स्नान, संध्या, धुणे, पाणी भरणे व उत्सव ही सर्व कार्ये चालत. त्यामुळे पायऱ्या, दीपमाळा व शिखरे ही नगरवासीयांच्या नित्य दृष्टिपथात असत. वाईजवळच्या मेणवली येथील घाटावरील देवालयात वसईच्या मोहिमेत (१७३९) मिळालेली १७०७ मधील पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. रणांगणावरून आलेली ही वस्तू पूजास्थानाचा भाग बनली.

गृहे व भित्तिचित्रे : मेणवली येथील नाना फडणीस यांचा वाडा व वाईतील रास्ते यांचा मोतीबाग वाडा हे भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर रंगविलेल्या मराठा भित्तिचित्रांत दशावतार, रामायण व कृष्णलीला यांतील प्रसंग, तसेच दरबारी व शृंगारिक दृश्ये आढळतात. दिवाणखान्यात बैठक, हिशेब व पाहुण्यांचे स्वागत चालत असताना ही चित्रे सभोवार असत. सामान्य कुटुंबांतही कला होतीच. मात्र ती अल्पजीवी होती. अंगणातील रांगोळी, चैत्रगौरीची आरास, लग्नघराच्या भिंतीवरील गणपती व ऋद्धिसिद्धी यांचे रेखन ही कामे प्रायः स्त्रिया व स्थानिक कारागीर करीत. वाड्यांच्या चित्रांचा इतिहास लिहिला गेला. या रेखनाचा मात्र क्वचितच, कारण ते दुसऱ्या दिवशी पुसले जाई आणि त्यावर कोणाचे नाव नसे.

नाट्य : कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळीचा खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी मराठीत तसे नाटक रचण्याचे काम विष्णुदास भावे यांच्यावर सोपविले. भावे कळसूत्री बाहुल्या करण्यातही निष्णात होते. त्यांचे सीता स्वयंवर हे नाटक १८४३ मध्ये सांगलीस सादर झाले. त्याचा खर्च संस्थानाने उचलला होता. आप्पासाहेबांच्या निधनानंतर (१८५१) हा आधार तुटला. तेव्हा भावे आपली मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. दरबारी पाहुण्याची जागा येथे पैसे देणाऱ्या प्रेक्षकाने घेतली.

वाद्यनिर्मिती व संगीत : मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रकामात झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने वाद्यदुरुस्ती व पुढे वाद्यनिर्मिती सुरू केली. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर हाताचे कौशल्य नव्या व्यवसायाकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातील मोठे कडू भोपळे सुकवून त्यांवर लाकडाची दांडी व तबली बसवितात आणि शेवटी तारांना जवारी लावतात. घोडीचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे घासून नाद खुलविणारे हे काम कारागिराच्या कानावरच अवलंबून असते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकर यांना गायनाचे शिक्षण दिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची कबर (१९३७) मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात असून दर्ग्याच्या उरुसात गायनवादनाची सेवा होते. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

संग्रह : १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले व तेथील राजाश्रय संपला. औंध संस्थान मात्र टिकले. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंध येथे वस्तुसंग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्पही तेथे आहे. संस्थानिकाच्या खाजगी संग्रहाचे दालन अशा रीतीने सामान्य ग्रामस्थास खुले झाले. परंतु ज्या नित्य जीवनातून मूळ वस्तू आल्या, त्यापासून त्या येथे दूर झाल्या.

मूल्यमापन : या इतिहासातून एक क्रम स्पष्ट होतो. आश्रयदाता गेल्यावर ज्या कलेला दुसरा ग्राहक मिळाला, ती तगली : नाटकाला प्रेक्षक, तानपुऱ्याला गवई. भित्तिचित्र मात्र भिंत सोडून जाऊ शकत नव्हते. वाडा ओस पडला, त्याचे वाटे झाले वा छत गळू लागले, की तेही नष्ट होई. घाट, रांगोळी व उत्सव यांची गत निराळी आहे. त्यांचा आश्रयदाता कोणी एक नव्हता, म्हणून तो कधी खालसाही झाला नाही. कलेचे आयुष्य तिच्या श्रेष्ठतेइतकेच तिच्या उपयोगावर अवलंबून असते, हे कृष्णाकाठच्या नगरांनी दाखवून दिले आहे.