शताधिपतीच्या सेवकाची कथा

कफर्णहूम येथील रोमी अंमलाशी निगडित शताधिपतीच्या आजारी सेवकास येशूने दुरूनच, केवळ शब्दाने बरे केल्याची ही कथा मत्तय (८:५–१३) व लूक (७:१–१०) यांच्या शुभवर्तमानांत येते. मार्कच्या ग्रंथात ती मुळीच नसल्याने, आणि शताधिपतीच्या मुखातील अधिकार व आज्ञापालन यांविषयीचे भाषण दोहोंत जवळजवळ शब्दशः जुळत असल्याने, उभयतांनी ती आज अनुपलब्ध असलेल्या एका समाईक वचनसंग्रहातून घेतली असावी, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तपशिलात मात्र मोठी तफावत आहे. मत्तयाचा शताधिपती स्वतः विनंती करतो. लूककडे तो प्रथम यहुदी वडीलधाऱ्यांना रदबदलीस पाठवितो, नंतर मित्रांकरवी निरोप देतो आणि येशूसमोर अखेरपर्यंत येतच नाही. यहुदी मध्यस्थांमार्फत घडणारा हा परराष्ट्रीयाचा संपर्क प्रेषितांच्या कृत्यांतील कर्नेल्य या शताधिपतीच्या कथेची पूर्वसूचना वाटते, आणि लूकच्या रचनाकौशल्याचा याहून सुंदर दाखला क्वचितच सापडेल. पूर्वपश्चिमेकडून येणाऱ्या बहुजनांविषयीचे वचन मत्तय याच प्रसंगात गुंफतो, तर लूक ते तेराव्या अध्यायात ठेवतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील (४:४६–५४) याच धर्तीच्या कथेत मात्र राजदरबारचा अंमलदार, तापाने फणफणलेला पुत्र आणि काना हे गाव येते. आराम पडल्याच्या घटकेची खातरजमाही होते. अशीच खातरजमा तालमूदमधील हनीना बेन दोसाच्या कथेत आढळते. अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९६३ मध्ये योहानाची परंपरा मत्तय व लूक यांच्याहून स्वतंत्र असल्याचे प्रतिपादिले. शब्दसाम्य इतके अल्प असता तेच मत अधिक ग्राह्य ठरते.