पॅड थाई : एका पदार्थाचे राष्ट्रीयत्व

राष्ट्रवादाचा इतिहास आपण घोषणापत्रे, कविता आणि पाठ्यपुस्तके यांतून वाचतो. उपाहारगृहाचे मेन्यूकार्ड वाचावे असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः तीही एक संहिताच असते. लॉस एंजेलिसच्या ईस्ट हॉलिवूड भागातील ‘थाई टाऊन’मधल्या छोट्या, खिशाला परवडणाऱ्या उपाहारगृहांचे उदाहरण घेऊ. तेथील मेन्यूकार्डावर ‘पॅड थाई’ हमखास सापडतो. थायलंडचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याची जगभर ख्याती आहे. परंतु या राष्ट्रीयत्वाला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत.

सयामचे ‘थायलंड’ हे नामांतर १९३९ सालचे. पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या राजवटीने १९३९ ते १९४२ या काळात १२ सांस्कृतिक आज्ञा काढल्या. देशाचे नाव, राष्ट्रगीताचा मान, भाषा, पोशाख, इतकेच नव्हे तर नागरिकांची दिनचर्याही त्यांत ठरवून दिली होती. महायुद्धाच्या त्याच दिवसांत सरकारने नूडल्स खाण्याचा आणि विकण्याचा प्रचार आरंभिला. हा धंदा तोवर प्रामुख्याने चिनी स्थलांतरितांच्या हाती होता. त्यात थाई माणसाने उतरावे, असा त्यामागचा एक हेतू. पॅड थाईचा प्रसार या मोहिमेशी जोडला जातो. नावाचा अर्थ ‘थाई पद्धतीने परतलेले’. पण पूर्ण नावाच्या आरंभीचा ‘क्वायतियाओ’ हा शब्द मुळात चिनी, आणि कढईत परतण्याची रीतही चिनीच. आपल्या घरात वरणभाताला कुणी ‘मराठी वरणभात’ म्हणत नाही. विशेषण लावावे लागते ते मालकी सांगायची असते तेव्हा.

मिरची आणि शेंगदाणा यांचे मूळ तर आणखी दूरचे, अमेरिका खंडातले. अल्बुकर्कने १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का जिंकले. त्याच वर्षी त्याचा दूत अयुथयेच्या दरबारात पोहोचला. पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गांनी मिरची आशियात पसरली, असे मानले जाते. आपल्या ठेच्यातील मिरची आणि थाई रश्शातील मिरची या अशा एकाच माहेरच्या ठरतात. पुढे विसाव्या शतकात हीच मिरची ‘थाई’ चव होऊन अमेरिकेत परतली.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाई लोकांना दार मोकळे केले. पाठोपाठ थाई विद्यार्थी, परिचारिका, कष्टकरी लॉस एंजेलिसला आले आणि छोटी उपाहारगृहे उभी राहिली. १९९९ साली नगर परिषदेने या वस्तीला ‘थाई टाऊन’ ही अधिकृत ओळख दिली. २००२ मध्ये थाई सरकारने परदेशांतील थाई उपाहारगृहे वाढवण्याची योजना आखली, म्हणजे फिबुन यांच्या काळातील पाकराजकारण आता देशाबाहेर निघाले.

मात्र या दोन तारखांपूर्वीची एक तारीख विसरता येत नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टे येथे काटेरी तारांच्या कुंपणाआड कोंडून ठेवलेल्या ७२ थाई शिवणकामगारांची सुटका झाली. अमेरिकी दुकानांत जाणारे कपडे ते वेठबिगारीने शिवत होते. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ‘थाई कम्युनिटी डेव्हलपमेंट सेंटर’नेच पुढे ‘थाई टाऊन’ या मान्यतेसाठी प्रयत्न केले. म्हणजे ज्या नावाखाली आज पर्यटक स्वस्त जेवण शोधत येतात, त्या नावामागे श्रमिकांना माणूस म्हणून मान्यता मिळवून देण्याची धडपडही होती.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक पद्धत घेता येईल. एखाद्या कृतीला ‘अस्सल’, ‘देशी’, ‘राष्ट्रीय’ ठरवणारी विशेषणे आपण रोज वापरतो. ती कुणी लावली, केव्हा लावली आणि त्यामुळे कुणाचे हात नजरेआड झाले, हे प्रश्न पॅड थाईला विचारता येतात. तेच प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासालाही विचारायला हवेत.